लाल पट्ट्याची झाडं

मी फीत हाय, मित्रांनो, जुनी अन् लई चिडकी. शिंप्याची न्हाई, झाडाची कंबर मोजायची. अंगावरले आकडे पुसट झालेत, पण जीभ शाबूत हाय. एकदा वावटळीनं मला धारूरच्या डोंगरावरून उचललं, तर धर्मापुरीच्या देवळाला साडेतीन वेढे घालून मी जेवायच्या टायमाला परत आले. खोटं वाटतंय? वाटू द्या. पुढचं मात्र खरं हाय, अन् ते सांगताना आजबी माझं डोकं फिरतं.

एक्क्याण्णव साली गंगासागरबाईंनी मला आणलं. बाई जंगलाच्या डॉक्टर. धारूरच्या डोंगरातली दोनशे धावड्याची झाडं त्यांनी निवडली. दर उन्हाळ्यात तीच झाडं. छातीच्या उंचीवर मला गुंडाळायचं अन् आकडा लिहायचा. जागा चुकू नये म्हणून वनखात्याचा शहादेव तिथं लाल पट्टा रंगवायचा.

गुराखी हसायचे. "बाई, झाडाला झंपर शिवायलाव का?"

"ये, तुझंबी माप घेते," बाई म्हणायच्या. "पण तू वाढतो कुठं? नुसतं पोट वाढायलंय!"

चार-पाच वर्षांत मात्र बाईंचं हसू उडालं. ऊन लवकर यायलं, पावसाची ओढ लांबायली, अन् सालाला करंगळीभर वाढणारा धावडा नखभरच वाढायला. हवा बदलायली अन् जंगल त्यात खुंटायलंय, हे बाईंना माझ्या आकड्यांनी दाखवायचं होतं. मोठ्या सायबांनी तारीफ केली, पण म्हणले, "सलग सात वर्षांचे आकडे आणा, तवा मानू."

सातव्या उन्हाळ्यात आमी वर गेलो, तर नुसते बुडखे! बिनपट्ट्याची झाडं जागच्या जागी उभी. तोडली ती फकस्त आमची.

तोडीवाल्यांचा मुकादम उत्तरेश्वर सावलीत चहा पीत बसलेला.

"कावून तोडली बे?" शहादेव ओरडला.

"वाळलेली तोडायचा हुकूम हाय. आमचे तोडीचे सायब म्हणले, खुणेची तोडा. लाल पट्टा खूणच की!"

"तोडायची खूण वनखात्याच्या हातोड्यानं बुंध्यावर उठवलेल्या ठशाची असती! अन् ही काय वाळली होती?"

"उन्हाळ्यात समदाच धावडा वाळल्यावानी दिसतो."

बाई मुकादमाच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "कुणाला विचारलं का?"

"कशाला विचारू? पट्टा तुमच्याच माणसानं मारलाय."

शहादेवनं रंगाचा डबा दरीत भिरकावला. बाईंनी मला एका बुडख्याला गुंडाळलं. पण बुडखा गुडघ्याएवढा. छातीची जागा ट्रकात बसून गेलेली. बाईंनी वहीत काय लिहिलंच न्हाई. मी त्या दिवशी साप असते ना, तर मुकादमाला न् त्याच्या सायबाला एकाच दमात डसले असते!

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवीन दोनशे धावडे निवडले. रंग न्हाई, प्रत्येक झाड पाठ करायचं.

शहादेव हळूच म्हणला, "बाई, तुमची नोकरी उरली चार वर्षं. आकडे लागतेत सात."

"मग पुढचे तीन तू घे," बाई म्हणल्या अन् मला त्याच्या हातात दिलं.

त्यानं घेतले. पण आधीचे सहा उन्हाळे मातीत गेले ते गेलेच.

म्हणून सांगते मित्रांनो, झाडावर खूण दिसली अन् कळली न्हाई, तर कुऱ्हाड खाली ठेवा अन् विचारा. विचारायला घटकाभर लागती, धावडा जाड व्हायला आजा-पणजा लागतो. न विचारता तोडलंच, तर मी हाय अजून. मला गळ्याचं मापबी घेता येतं.