वीणेचा पहारा

सोनाजीचा देवावर भारी जीव. गावच्या सप्त्यात दुपारचा वीणेचा पहारा कायम त्याचाच. जेवून अख्खं गाव लवंडतं तेव्हा उभं राहायला दुसरं कोण तयार होणार? वीणा एकदा गळ्यात पडली की पुढचा गडी येऊन घेईपर्यंत ती खाली टेकवायची नाही. सोनाजीनं कधी टेकवली नव्हती, आणि त्याचा त्याला तोराही होता, खोटं कशाला बोला.

त्या श्रावणात तांड्यावरचा भावसिंग धापा टाकत देवळाच्या पायरीशी आला. त्याची बायको अनुसया सोनाजीच्याच सोयाबीनमध्ये खुरपत होती.

"मालक, अनुसयाला पान लागलं. जीप काढा, सेनगावला न्या लागते."

सापाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पान. गावात जीप एकच, सोनाजीची, आणि चालवणाराही तोच.

सोनाजीनं मंडपात पाहिलं. दोन म्हातारे होते. एकाचा हात लुळा होता, दुसऱ्याला उभं राहवत नव्हतं.

"उत्तमरावाला बोलाव, पुढचा पहारा त्याचा. त्यानं वीणा घेतली की निघालोच."

उत्तमराव मळ्यात गेलेला. त्याला निरोप धाडून भावसिंग परत पायरीवर येऊन बसला. आत आला नाही. त्याला कोणी ये म्हणालंही नाही. सोनाजी आणखी मोठ्यानं नाम घेत राहिला. आपण देवाचं एवढं करून राहिलो, तो तिला सांभाळीलच, असं त्याला मनापासून वाटत होतं. आता याला भोळेपणा म्हणा, नाही तर काय म्हणायचं ते म्हणा.

उत्तमरावानं येऊन, पाया पडून वीणा घेतली, तशी सोनाजीनं जीप पिटाळली. सेनगाव दिसायला लागलं आणि अनुसयानं भावसिंगाच्या मांडीवर मान टाकली. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, की थोडं आधी आणायला हवं होतं.

अनुसयाचे दिवस झाल्यावर सोनाजी तांड्यावर गेला, शिव्या खायच्या तयारीनंच. भावसिंगानं बाज टाकली, लेकीला, शिलाला, चहा ठेवायला सांगितला.

"भावसिंग, माझ्या गळ्यात वीणा होती रे. कुठं ठेवणार होतो मी?"

भावसिंगानं आवाज चढवला नाही.

"माझ्या गळ्यात घालायची होती, मालक. अनुसयासंगं शिला गेली असती. तुमी येईस्तोवर उभा राहिलो असतो मी. खाली न्हाई टेकवली असती."

सोनाजीला ते सुचलंच नव्हतं. समोर पायरीवर धडधाकट माणूस बसला होता, दोन्ही हात मोकळे, आणि ते हात त्याला दिसलेच नव्हते. बाजेवर बसल्या बसल्या तो लेकरासारखा रडायला लागला.

भावसिंगानंच उठून त्याला पाणी दिलं.