खोटे ठरलेले नाणे

मित्रांनो, मी एक जुने रोमन नाणे आहे. चांदीचे, तुमच्या अंगठ्याच्या नखाहून जरासे मोठे. माझ्या एका बाजूला सम्राज्ञी फाउस्टिनाचा चेहरा आहे आणि काठाला एक चीर. ही चीर जन्माचीच. टांकसाळीतल्या कामगाराने ठशावर घाव घातला तेव्हा चांदी काठाशी फाटली. त्याने मला उलटसुलट पाहिले आणि 'चालेल' म्हणून टोपलीत टाकले. तेवढ्या एका शब्दावर मी अठराशे वर्षे चालले.

त्यातल्या बाजारांचे आणि लढायांचे पाढे मी वाचत नाही. मला सांगायचे आहे ते गेल्या वर्षीचे. मातीखाली कितीतरी शतके पडून होते, तेव्हाही जिवाची इतकी तळमळ झाली नव्हती.

माझे मालक एर्मेस पास्कोलात हे इटलीतल्या चेर्विन्यानो गावचे निवृत्त न्हावी. त्यांच्या लग्नात मला त्यांच्या तळहातावर ठेवले ते नेरेओ यांनी. नेरेओ फरश्या बसवायचे. दोघे लहानपणापासूनचे जिवलग. "माझ्या बापाचं आहे," नेरेओ म्हणाले होते. "दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस, एवढंच." एर्मेसनी शब्द दिला.

पुढची वर्षे सुखाची गेली. दर रविवारी चौकातल्या कॅफेत नाणी जमवणारी मंडळी बसत. वाइनचे पेले बाजूला सरकवून मला मधोमध ठेवत. "काय चेहरा आहे!" म्हणत. मित्रांनो, कौतुक गोड असते, पण त्याने माणूस सैल होतो. एक दिवस एक गोडबोल्या पाहुणा आला. "पुस्तकात फोटो छापतो. आठच दिवस द्या," म्हणाला. एर्मेस विरघळले. त्या माणसाने मला गार, मऊ लगद्यात दाबले. एकदा पाठीवर, एकदा पोटावर. नवव्या दिवशी मी परत आले. पुस्तक कधीच निघाले नाही. एर्मेसनी नेरेओंना यातले अवाक्षर सांगितले नाही.

मग गेल्या शरद ऋतूतला तो रविवार उजाडला. लिव्हिओ नावाचे एक संग्राहक फोन नाचवत आले.

"एर्मेस, तुझी बाई बघ कुठे सापडली!"

पडद्यावर चार नाणी होती. चौघांवर माझाच चेहरा, चौघांना माझीच चीर. खाली लिहिले होते : अशा चिरेचे प्रत्येक नाणे बनावट.

"लग्नातली भेट ती! तीही नकली?" लिव्हिओ हसले. सगळे हसले.

एर्मेसचे कान लाल झाले. पलीकडच्या टेबलावर नेरेओ पत्ते खेळत होते. "नेरेओ, तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"की हे खोटं आहे."

नेरेओंनी हातातले पत्ते पालथे ठेवले. "माझ्या बापाने खोटं नाणं जपलं आणि मी ते तुझ्या गळ्यात मारलं. असंच ना?"

"मी नाही म्हणत. इथे लिहिलंय."

"मग ज्याने लिहिलंय त्यालाच मित्र कर." टोपी उचलून ते निघून गेले.

खरे काय ते मला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते! एर्मेसनी मला जुन्या कात्र्यांच्या खणात टाकले. दिवसातून दहादा खण उघडत, मला बघत, पुन्हा लावत. फोनवर शोधत राहत. एक संकेतस्थळ म्हणे खोटे, दुसरे म्हणे दुर्मीळ, तिसरे म्हणे आम्हाला विका. तेवढ्यात कानावर आले की महिन्याच्या अखेरीस नेरेओ मुलीकडे दूर तोरिनोला कायमचे राहायला निघालेत. एर्मेसचे जेवणावरचे मन उडाले. मक्याच्या पिठाची पोलेंता ताटात गार होऊन जाई.

शेवटी ते मला खिशात घालून गावच्या ग्रंथालयात गेले. तिथल्या ब्रुनाबाईंनी ते पान नीट पाहिले.

"काका, हे लिहिलंय कुणी?"

"इंटरनेटने."

"इंटरनेटला हात असतात होय? नाव कुठंय? वजन कुठंय? फोटो आले कुठून?"

काहीच नव्हते. मग बाईंनी संग्रहालयांची पाने उघडली. तिथे प्रत्येक नाण्याचे वजन होते, ते कुठून आले ते होते, माहिती लिहिणाऱ्याचे नाव होते. नंतर त्यांनी बनावट नाण्यांची एक यादी काढली. अभ्यासकांनी ती आपापल्या नावाने चालवली होती. कुठे चूक झाली असेल तर ती तारखेसह दुरुस्त केलेली होती. त्या यादीत तेच चार फोटो निघाले. बाईंनी खालचा मजकूर वाचला : "ही चारही साच्यात ओतलेली. चीर वरवरची, आरपार नाही. ज्यावरून साचा घेतला ते खरे नाणे अद्याप सापडलेले नाही."

ब्रुनाबाई थांबल्या. "काका, तुमचं जरा खिडकीशी धरा बरं."

एर्मेसनी मला उन्हात धरले. माझ्या चिरेतून उजेडाची एक रेघ पलीकडे गेली.

मला वाटले, आता ते हसतील. पण त्यांनी मला मुठीत मिटले. "आठ दिवस," ते पुटपुटले. "मीच दिलं होतं."

बाई म्हणाल्या, एवढ्यावर भागत नाही, जाणकाराला दाखवू. संग्रहालयातल्या तज्ज्ञ बाईंनी मला तोलले, भिंगाखाली फिरवले आणि सांगितले : ठशाखाली घडलेले, अस्सल.

तिथून एर्मेस तडक नेरेओंच्या घरी गेले. खोकी भरणे चालले होते.

"नाणं खरं आहे, नेरेओ. खोटा मी निघालो." आणि त्यांनी सगळे सांगितले.

नेरेओ एक कप वर्तमानपत्रात गुंडाळत राहिले. "कधी दिलं होतंस?"

"सत्त्याण्णव साली."

"आणि आजवर तोंड उघडलं नाहीस. वर मलाच चारचौघांत विचारलंस."

"हो."

नेरेओंनी गुंडाळलेला कप खोक्यात ठेवला. मग म्हणाले, "त्या यादीवाल्यांना कळव. स्वतःच्या नावानिशी. कसं गेलं तेही लिही, लपवू नकोस."

"लिहितो."

"आणि कॉफी ठेव, गाढवा. कप बांधून झालेत, पेल्यातून पी."

नेरेओ तोरिनोला गेले ते गेलेच. दोघे आता रविवारी फोनवर भांडतात. यादीत माझा फोटो आहे, त्याखाली एर्मेसचे नाव आहे आणि त्यांची चूकही.

मित्रांनो, मला अजून स्वस्थता नाही. माझ्यावरून ओतलेली किती नाणी जगात हिंडत असतील, कोण जाणे. म्हणून सांगते, पडद्यावरचे वाचाल तेव्हा विचारा की लिहिणारा कोण, त्याने पाहिले काय, आणि चुकल्यावर तो कबूल करतो का. जुन्या मित्राकडे बोट दाखवण्याआधी तर हे विचाराच.

ती यादी वाचून परवा स्पेनमधल्या एका बाईंचे पत्र आले. "तुमच्या नाण्याची पाचवी नक्कल माझ्याकडे आहे. नवऱ्याची आठवण आहे. तिचं काय करू?"

एर्मेसनी पत्र मांडीवर ठेवून खूप विचार केला. मग ब्रुनाबाईंकडून दोनच ओळी लिहून घेतल्या :

"जपून ठेवा. फक्त पुढच्या माणसाला देताना खरं काय ते सांगा."