उंबरठ्यावरचा डाव

इरीदेच्या दुकानात पाऊल टाकीन तर नावाची अर्जिया नाही, अशी शपथच तिने घेतली होती. कारणही तसंच होतं. इरीदेने काउंटरमागच्या फळीवर वाइनच्या बाटल्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीवर मुसोलिनीचं थोबाड! बसने येणारे पर्यटक खिदळत विकत न्यायचे. त्याच्याच माणसांनी अर्जियाच्या बापाला चर्चच्या भिंतीशी उभं करून गोळी घातलेली. तिने गावभर फिरून सांगितलं, तिथे कॉफीसुद्धा पिऊ नका! अर्ध्या गावाने ऐकलं. बाकीचे म्हणाले, "अगं, वाइन ती वाइन, बाटली काय बोलते का?"

पण आज ब्रिस्कोला या पत्त्यांच्या खेळाची फायनल! वरच्या गावचे दरवर्षी जिंकून नुसते माजले होते. त्यांची जिरवायची तर पत्त्यांत जोडी एकच, अर्जिया आणि इरीदे. शाळेपासूनच्या जोडीदारणी! आणि पत्त्यांचा फड बसणार कुठे? इरीदेच्याच दुकानात.

"मी आत येणार नाही!" अर्जिया दारातून ओरडली.

"मग काय दुकान चौकात आणू तुझ्यासाठी?" इरीदे आतून कडाडली. "त्या बाटल्यांवर चालतंय हे दुकान. म्हाताऱ्यांच्या एकेका कॉफीवर नाही!"

"मग त्या बाटलीवरच्यालाच घे की जोडीला!"

शेवटी साउरो न्हाव्याने डोकं चालवलं. टेबल उचलून थेट उंबरठ्यावर ठेवलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. इरीदे आत बसली, अर्जिया चौकात, आणि वरच्या गावचे दोघे चौकटीत अंग चोरून. अख्खं गाव लोटलं.

ब्रिस्कोलात जोडीदाराला चेहऱ्याने खूण करायला मुभा असते, फक्त समोरच्यांनी ती पकडता कामा नये. तोंड वाकडं केलं की तिर्री, ओठ आवळले की एक्का. दोघींचं बोलणं बंद, पण खुणा कशा सटासट! एक डाव यांनी मारला, एक त्यांनी. तिसऱ्याला लोक खुर्च्यांवर चढले.

शेवटची पानं आली. इरीदेने ओठ आवळले. हुकमाचा एक्का! आता अर्जियाने आपलं भारी पान याच हाताला टाकलं की एक्का ते घरी आणणार, जिंकलंच. पण तिने ते दाबून धरलं, आणि पुढच्याच हाताला वरच्या गावच्यांनी ते खाल्लं. गेला डाव! ते दोघे चौकटीतच नाचायला लागले.

"आंधळी झालीस का गं?" इरीदे उसळली. "एवढी ढळढळीत खूण केली!"

"नाही दिसली." अर्जियाचा आवाज फाटला. "तुझ्या खांद्यावरून तो बघत होता गं. मला तुझं तोंडच दिसेना. त्याचंच दिसत होतं."

इरीदे टेबलाखालून वाकून बाहेर आली. अर्जियाला उठवलं आणि स्वतः तिच्या खुर्चीत बसून आत पाहिलं. काउंटरमागे उभी राहताना तिची कायम पाठच असायची त्या फळीकडे.

"साउरो," ती म्हणाली, "गरम पाण्याची बादली आण. आणि त्या सगळ्या बाटल्या."

चौकातच ती नखांनी बाटल्यांवरचे भिजलेले कागद खरवडायला बसली. अर्जिया बघत राहिली, मग तिने डोळे पुसले आणि बाह्या वर केल्या.

"दुकान बुडालं तर तुझ्याकडे जेवायला येईन हं," इरीदे मान वर न करता म्हणाली.

"ये की, मेले. आता सरक. नखं तुझी कधीच धड नव्हती."