बारदान वजा

चाकणच्या कांदाबाजारात दत्तोबाने चौदा वर्षं मापाडी म्हणून काढली, पण त्याच्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नाही. गोणी काट्यावर चढली की तो वजन खड्या आवाजात पुकारायचा, त्यातून बारदानाचं, म्हणजे रिकाम्या गोणीचं, वजन वजा करायचा आणि उरेल तेवढंच लिहायला सांगायचा. मोजणी सुरू करताना सगळ्या मापाड्यांसारखा तोही ‘एक’ म्हणत नसे. पहिल्या मापाला ‘लाभ’, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की मालाची बरकत जाते, असं त्याला बापानं शिकवलं होतं, आणि बापाचं शिकवणं तपासून बघायची आपल्याकडे रीत नाही.

अशा माणसाला नानासाहेबांनी विमानाच्या धंद्यात ओढलं. नानासाहेब म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना शेड बांधून देणारे ठेकेदार. सदुसष्ट साली त्यांच्या डोक्यात विमान शिरलं. लढाईच्या काळातली दोन म्हातारी डाकोटा विमानं त्यांनी लिलावात उचलली, निघोज्याच्या माळावर धावपट्टी केली आणि कामगाराला परवडेल अशा भाड्यात नागपूरची फेरी सुरू केली. वेळापत्रकाचा परवाना नव्हता, म्हणून कागदोपत्री प्रत्येक फेरी खास भाड्याची म्हणून दाखवायची. तिकीट कासारवाडी स्टेशनाबाहेरच्या पानपट्टीवर मिळे. विमानात चहा नाही, पाणी नाही. भाकरी घरून आणायची आणि आपली पेटी आपणच दारापर्यंत न्यायची. उतरलेलं विमान वीस मिनिटांत पुन्हा उडालं पाहिजे, हा नानासाहेबांचा हट्ट. “उभं विमान म्हणजे बसून खाणारा जावई,” ते म्हणत आणि स्वतःच हसत.

वर्षभरात फेऱ्या आठवड्याला एकाच्या चार झाल्या. गाद्यांच्या खुर्च्या काढून पत्र्याची बाकडी आली आणि अठ्ठावीसाच्या जागी बत्तीस माणसं बसू लागली. उडण्याआधी प्रत्येक माणसाचं आणि सामानाचं वजन करून लिहावं लागे. त्यासाठी इमानी माणूस हवा, तोही स्वस्तात. “माणसं काय नि कांदे काय, दत्तोबा, वजन ते वजन,” नानासाहेब म्हणाले. यापलीकडे त्याला कुणी काही शिकवलं नाही.

दत्तोबा इमानाने काम करू लागला. आधी माणूस काट्यावर, मग पेटी. पेटी तेवीस किलो भरली की तो पत्र्याचे आठ वजा करी आणि पंधरा लिही. पेटी हे बारदान. माल तेवढाच माल. त्याला यात शंका घेण्यासारखं काही दिसलंच नाही, आणि त्याची वही कुणी तपासली नाही, कारण चौदा वर्षांचा नावाजलेला मापाडी. लोकही खूश होते, जादा सामानाचं भाडं पडत नव्हतं ना.

कुरुळीत त्याच्या शेजारच्या आळीत भीमराज राहायचा. पिंपरीच्या एका कारखान्यात तो लेथवर होता. दोघं सकाळी हमरस्त्यापर्यंत सायकली जोडीने मारायचे ते दिवस अजून दोघांच्याही तोंडी असत. भीमराजची आई जाईबाई तेरा वर्षं नागपूरच्या दीक्षाभूमीचं नाव काढत होती. छप्पन साली सगळी वस्ती गेली, तेव्हा भीमराज तापाने फणफणला होता, म्हणून ती एकटी मागे राहिली. एकोणसत्तरच्या दसऱ्याला तिला पाठवायचंच, असं भीमराजने ठरवलं. दत्तोबानेच त्याला भरीस घातलं. “म्हातारीला रेल्वेत कशाला कुटतोस? दोन-अडीच तासांत उतरंल. मी हाय की तिथं.”

जाईबाई पांढरंशुभ्र पातळ नेसून आली. काट्यावर उभी राहिली तेव्हा तिने चपला काढून हातात घेतल्या.

“दत्तू, आकडा मोठ्यानं वरडू नगंस. लोकं म्हणतील, लेक खायाला घालत न्हाई.”

“एकेचाळीस किलो, मावशे,” तो तिच्या कानाशी म्हणाला. ती तोंडाला पदर लावून हसली. तिच्या पेटीत नागपूरच्या बहिणीसाठी घोंगडी, तांदूळ आणि दोन पितळी तांबे होते. भरली बत्तीस. त्याने लिहिली चोवीस.

दुपारचे दोन वाजले होते. ऑक्टोबरच्या उन्हात माळ भाजत होता. विमान धावपट्टीच्या टोकाला कसंबसं वर उचललं गेलं, आणि डाव्या इंजिनातून काळा धूर निघाला. विमान वळलं, परत यायला बघत होतं, पण वर काही चढेना. कुरुळीच्या शिवारात नांगरटीवर ते पोटाने आदळलं आणि पेटलं. शेपूट तेवढं तुटून लांब पडलं, म्हणून त्यातल्या पेट्या वाचल्या. माणूस एकही वाचला नाही.

चौकशी माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागली. दिल्लीहून अधिकारी आले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, एक इंजिन बंद पडलं तरी ठरल्या वजनाचं डाकोटा दुसऱ्यावर फिरून परत येतं. वही सांगते वजन ठरल्याइतकंच होतं. मग चूक वैमानिकाची. वैमानिक मारुतराव हवाई दलातून निवृत्त झालेला, अबोल माणूस. त्याच संध्याकाळी तो प्यायला होता अशी बातमी उठली. ती कुणी उठवली हे सांगायला नको.

नानासाहेबांनी दत्तोबाच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझ्या वहीनं आपल्याला तारलं रे.” दत्तोबाला, खोटं कशाला सांगा, तेव्हा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी मारुतरावाची बायको सुमनताई दत्तोबाला शोधत काट्यापाशी आली. डोळे कोरडे होते.

“तुम्ही पाहिलंत त्यांना. प्यायले होते?”

“न्हाई, ताई. माझ्या हातचा चहा पिऊन गेले.”

“महिनाभर म्हणत होते, विमान वहीपेक्षा जड लागतंय. नानासाहेबांना सांगितलं, तर त्यांनी हसण्यावारी नेलं.” ती थांबली. “आज सकाळी माझ्या मुली शाळेत गेल्या, तर पोरं त्यांना दारुड्याच्या मुली म्हणाली.”

आपल्या काट्यावर संशय! दत्तोबाला राग आला. ती गेल्यावर त्याने छाप मारलेली वजनं काढून काटा तपासला. केसाचाही फरक नव्हता.

त्याच दुपारी भीमराज आईची पेटी न्यायला आला. पेटी काट्यावर ठेवली, तांदूळ, तांबे घोंगडीत बांधले आणि म्हणाला, “पेटी राहू दे, दत्ताभाऊ. घरात बघवायची न्हाई.” मग तो दत्तोबाच्या खांद्यावर डोकं टेकून रडला आणि गेला.

रिकामी पेटी काट्यावरच होती. काटा आठवर.

दत्तोबा त्या आठाकडे बघत राहिला. माल गेला, तरी आठ किलो तिथंच होते. बाजारात बारदान वजा करायचं, कारण गिऱ्हाइकाला कांदा हवा, गोणी नको. पण विमानाला? विमानाने पेटीही उचलली होती. बत्तीस पेट्या. अडीचशे किलो त्याने स्वतःच्या हाताने वहीतून पुसले होते, आणि दर फेरीला पुसत होता. तो तिथंच जमिनीवर बसला.

त्याने सगळं नानासाहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. “मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो? तू तोंड उघडलंस तर जेलात जाशील, आणि भीमराज तुझं तोंड बघणार नाही. गप बस.”

यातलं जेल दत्तोबाला फारसं टोचलं नाही. भीमराज टोचला.

तिसऱ्या दिवशी शेड माणसांनी भरली होती. पुढे सुमनताई, मागे मेलेल्यांचे नातेवाईक, त्यांत भीमराज. अधिकाऱ्यांनी वही उघडून विचारलं, “हे आकडे तुमचे? बरोबर आहेत?”

“आकडे माझे हायेत, सायेब,” दत्तोबा म्हणाला. “पर बारदान वजा करून. पेट्यांचं वजन मी धरलंच न्हाई. मारुतरावांची चूक न्हाई. माझी हाय.”

नानासाहेब उठून उभे राहिले, मग बसले. सुमनताईने डोळे मिटून घेतले. दत्तोबाने भीमराजकडे पाहिलं. भीमराज आधी काही समजल्यासारखा दिसला नाही. मग समजल्यासारखा दिसला, आणि ते बघणं दत्तोबाला जड गेलं.

अधिकारी म्हणाले, “पेट्या इथंच आहेत ना? रिकाम्या करा. एकेक काट्यावर ठेवा आणि पुकारा. मी लिहितो.”

पेट्या रिकाम्या करायला नातेवाईकच पुढे झाले. जाईबाईची आधीच रिकामी होती, म्हणून तीच पहिली. ती भीमराजने उचलून काट्यावर ठेवली, दत्तोबाकडे न बघता.

दत्तोबाचं तोंड सवयीने उघडलं. ‘लाभ’ ओठांपर्यंत आला. चौदा वर्षं बाजारात आणि वर्षभर या माळावर त्याने पहिल्या मापाला दुसरा शब्द लावला नव्हता. अधिकाऱ्यांनी मान वर केली.

“एक,” दत्तोबा म्हणाला. “आठ किलो.”