विहिरीतली हाक

"ती हाक आजपासून बंद," रहाट्या म्हणाला आणि त्यानं दोराची गाठ पुन्हा ओढून पाहिली.

सुरुंग्या दोराला टांगलेल्या लोखंडी डोलात एक पाय टाकून थांबला. "कुठली हाक?"

"माहीत असून कशाला विचारतोस?"

माहीत होतंच. विहिरी खोदायच्या धंद्यात दोघांना वीस वर्षं झालेली. सुरुंग्या खाली उतरायचा, खडकाला पाडलेल्या भोकांत सुरुंगाची दारू भरायचा, वाती पेटवायचा, डोलात बसायचा आणि ओरडायचा, "ओढ रे हिजड्या!" की वर रहाट्या रहाटाचं चाक फिरवायचा. आसपासच्या निम्म्या विहिरी या हाकेवर खोदलेल्या. ऐकणारे हसायचे. रहाट्याही हसायचा. निदान त्याचे दात तरी दिसायचे.

"अरे, दोस्तीतली शिवी ती! शिवी नाही दिली तर दोस्त कसला?"

"परवा बाजारात माझ्या धाकट्या भावाला चौघांनी गाठलं. त्याचे ते बायकी कपडे बघून. हाच शब्द ओरडत जबडा फोडला त्याचा."

"ते हरामखोर वेगळे. मी कधी कुणावर हात उचललाय का?"

"नाही उचललास. काल सकाळी दारात उभा राहून मला हाक मारलीस. तीच. धाकटा बाजेखाली शिरला. तीस वर्षांचा माणूस रे! तोंड बांधलेलं, ओरडताही येईना. पाय धरून बाहेर काढला, तर माझ्यापुढंच हात जोडायला लागला. काय सांगू त्याला? बाजारातला शब्द वेगळा आणि दारातला वेगळा?"

सुरुंग्या हसला. "चल, सोड खाली. फारच नाजूक झालायस आज."

"धमकी देत नाही," रहाट्या म्हणाला, "पण तो शब्द आला तर माझे हात चालतील की नाही, मलाच ठाऊक नाही."

चाळीस हात खाली गेल्यावर आभाळ ताटाएवढं उरलं. पायाखाली गार चिखल, चारी बाजूंना काळा कातळ. खाली उतरलं की सुरुंग्याला दरवेळी भीती वाटायची. वीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. पण ते बोलायची लाज, म्हणून तो वरच्याला शिवी घालायचा. आपली भीती दुसऱ्याच्या अंगावर फेकायची, एवढीच त्याची मर्दुमकी.

तिन्ही वाती पेटल्या. चार मिनिटं हातात. तो डोलात चढला, मान वर केली, आणि सवयीनं तोंड उघडलं.

"ओढ रे हिजड्या!"

दोर हलला नाही.

वाती फुसफुसत होत्या. "ए! ओढ की!" त्याचाच आवाज कातळावर आपटून परत आला. वर कुणाचं डोकं दिसेना. त्यानं दोराला झटका दिला. दोर ढिम्म. धूर नाकात शिरला. मांडीवरून काहीतरी कोमट ओघळलं. डोलातून उतरून तो भिंतीला चिकटला, फटीत खांदा घालायला लागला. कुठं शिरावं? इथं शिरायला काही नव्हतं. बोलता येत असून त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी फुटला तो वेगळाच निघाला.

"भाऊ! मला भीती वाटतेय रे! ओढ मला!"

वर चाक कुरकुरलं. सुरुंग्या धडपडत डोलात पडला. डोल भिंतीवर आपटत, भोवंडत वर आला. दोघंही बांधाआड लोळले आणि जमीन हादरली. दगडांचा पाऊस पडून गेला.

रहाट्या उठून बसला. "मी मुद्दाम नाही केलं. शब्द आला आणि हातातलं बळच गेलं. खरं सांगतो."

सुरुंग्यानं त्याच्याकडं पाहिलं. खरं असेलही. वीस वर्षं ज्याच्या हाती जीव दिला, त्याचा चेहरा आज त्याला वाचता येईना. ओली विजार लपवत तो म्हणाला, "आवाज किती झाले?"

"दोन."

"वाती तीन होत्या."

म्हणजे एक सुरुंग न फुटता खाली बसलेला. तो तसा ठेवता येत नाही. उद्या कुणाची पहार त्यावर पडेल. बराच वेळ थांबून कुणीतरी उतरायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे सुरुंग्याच. तासभर दोघं बांधावर बसले. बिडी कुणीच पेटवली नाही.

"जाऊ नकोस आज," रहाट्या म्हणाला.

"सोड खाली."

तिसरी वात पाण्यात भिजून मेली होती. सुरुंग्यानं दारू चिखलात कालवून भोक रिकामं केलं. मग तो डोलात बसला. आता हाक मारायची. पण काय म्हणून? भाऊ म्हणायचा हक्क भीतीनं मिळाला होता, तो वाती पेटलेल्या नसताना चालेल का? त्यानं ओठ ओले केले, मान वर केली.

रहाट्या काठावर वाकून त्याच्याकडंच बघत होता. सुरुंग्याचं तोंड उघडतंय असं दिसताच तो झटकन मागं चाकाकडं सरला, आणि हाक यायच्या आतच दोर ताणला गेला.