चंबूच्या तळाशी बसलेलं तेल

सकाळी नेहमीसारखं थोरल्या सुनेने प्रयोगशाळेचं दार उघडलं, पांढरा कोट चढवला आणि काचेच्या चंबूखालची शेगडी लावली. सासऱ्यांचा औषधांचा हा लहानसा कारखाना नवरा गेल्यापासून तीच ओढत होती. एका द्रव्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, असं करत महिनाभर खपून तिने नवं औषध शेवटच्या टप्प्याला आणलं होतं. आता गरम द्रावण सावकाश निवू द्यायचं, की त्यात पांढरे स्फटिक धरणार. तेच पाहायला आज मोठी गिऱ्हाइकं येणार होती.

तेवढ्यात सासूबाई दारात.

"अगं, आज तू घरातच थांब. शुभकामाला विधवेचा हात नको म्हणतायत हे. धाकटा करेल."

"महिनाभर चालला की हात, आई! आजच बाटला होय?"

सासूबाईंची मान खाली गेली.

"बरं. निदान भाऊजींना सांगा, घाई करू नका म्हणावं," म्हणत ती कोटासकट घरात गेली.

पण धाकट्याला कुठला धीर! पाहुण्यांची गाडी दारात लागली आणि त्याने गरम चंबू थेट बर्फात बुडवला. स्फटिक राहिले बाजूला, तळाशी पिवळं चिकट तेल बसलं. घाम पुसत तो घरात धावला.

"वहिनी, सगळं तेल झालं हो! मागच्या दाराने या. मी त्यांना चहात गुंतवतो, तोवर सावरा. कुणाला कळायचं नाही."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. विधवेचं काम चालतं, तोंड तेवढं चालत नाही!

ती उठली ती पुढच्या दाराने प्रयोगशाळेत शिरली. पाहुणे आणि त्यांच्याजवळ उभे सासरे वळून पाहू लागले. तिने काचेची कांडी उचलली.

"हे पुन्हा गरम करून हळू निववायचं, काच आतून खरवडायची, की स्फटिक धरतील. मी करते. बाबा, तुम्ही फक्त यांना सांगा, हे औषध केलं कुणी."

सासरे भिंतीकडे बघत राहिले.

"अहो वहिनी, ते नंतर सांगू की!" धाकटा कुजबुजला.

"मग स्फटिकही नंतरच धरा, भाऊजी."

तिने कांडी खाली ठेवली, कोट खुंटीला लावला आणि पुढच्याच दाराने ती बाहेर पडली. दारात उभ्या सासूबाई क्षणभर घुटमळल्या, मग तिच्यामागोमाग निघाल्या.

त्या घराला औषध आणि गिऱ्हाइकं गमावणं परवडलं. विधवा सुनेचं नाव चारचौघांत घेणं मात्र परवडलं नाही.