दोन कपांची चहादाणी

मित्रांनो, माझ्या पोटात हल्ली चहा नसतो, बटणं असतात. शर्टाची, कोटाची, आणि एक पितळी, ते कुठल्या गणवेशाचं ते मलाही ठाऊक नाही. डोरीनच्या स्वयंपाकघरात अगदी वरच्या फळीवर माझा मुक्काम आहे. तपकिरी मातीची, पोटाने गोल आणि तोंडाने जराशी वाकडी अशी मी चहादाणी. झाकणावर धूळ साचली आहे. ती पुसावी असं कुणाला वाटत नाही, आणि माझंही त्यावाचून काही अडत नाही. पण जे घडलं ते माझ्याच तोंडून ओतलं गेलं, म्हणून एकदा सांगून टाकते.

माझी माती इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरची. जिने माझं तोंड चिकटवलं, त्या बाईचं लक्ष त्या दिवशी कुठे होतं कोण जाणे. ते डावीकडे झुकलं ते झुकलंच. दुकानात मी मागच्या रांगेत पडून होते. तिथून मला विल्फ रॅम्सडेनच्या आईने उचललं, त्याच्या लग्नात द्यायला. "दोन कपांचीच घेतली आहे," म्हातारी सुनेला, म्हणजे डोरीनला, म्हणाली. "तिसरं माणूस आलं घरात की मोठी घ्या." तिसरं माणूस काही आलं नाही. मोठी चहादाणीही आली नाही. माझंच राज्य राहिलं.

लँकेशरमधलं ते गिरण्यांचं गाव. विल्फ सूतगिरणीत पिंजणखात्यात होता. लग्नानंतर चौथ्या वर्षी यंत्राने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. तेव्हापासून डोरीन त्याच्यापुढे कप ठेवताना कपाचा कान डावीकडे फिरवून ठेवायची. याबद्दल दोघांत कधी बोलणं झाल्याचं मी ऐकलं नाही. संध्याकाळी चार वाजता मी, माझ्या अंगावर लोकरीचं टोपडं, दोन कप, आणि एक कान डावीकडे. माझं कौतुक करायचा विल्फ. म्हणायचा, हिच्या पोटात चहा जसा मुरतो तसा कुठे मुरत नाही. मीही शेफारले होते.

पुढे त्याची बुद्धी फिरली. मासे तळून विकणाऱ्या एका बाईच्या नादी लागला आणि घर सोडून गेला. काडीमोड झाला. भाड्याचं ते घर सुटलं. डोरीनला मावशीचं हे लहानसं घर मिळालं, ती मला वर्तमानपत्रात गुंडाळून इकडे घेऊन आली आणि फळीवर ठेवून दिलं. एकटीसाठी चहादाणी कोण मांडतं? ती मगमध्येच चहाची पुडी बुडवायची. नऊ वर्षं मी कोरडी होते.

नऊ वर्षांनी विल्फ दारात उभा राहिला. हातात एक खोकं, आणि छातीत भाता फाटल्यासारखा आवाज. मासेवाली केव्हाच सुटली होती. तो राहत होता ती खोली मालकाने विकली होती, आणि पिंजणखात्यातल्या धुळीने त्याच्या फुप्फुसांचं वाटोळं केलं होतं. जिना चढताना तो दोनदा थांबायचा.

डोरीनने त्याला आत घेतलं, पण दारातच सुनावलं.

"मागची खोली देते. भाडेकरू म्हणून. नवरा म्हणून नाही. ते प्रकरण मी जाळून टाकलंय."

"नवरा म्हणून मी काही दिवे लावले नव्हते," विल्फ म्हणाला. "भाडेकरू म्हणून बघ जमतंय का."

मित्रांनो, आमच्या देशात गरिबाला घरभाड्यासाठी नगरपालिकेकडून मदत मिळते. विल्फचं सगळं त्या मदतीवर टांगलेलं होतं. ती मिळाली तर त्याला डोक्यावर छप्पर. नाही मिळाली, तर डोरीनच्या तुटपुंज्या पेन्शनीत दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. पण घरमालकीण जर पूर्वीची बायको असेल, तर नगरपालिकेला शंका येते. हे खरंच भाडेकरू आहेत, की मोडलेला संसार पुन्हा मांडून बसलेत? ते पाहायला माणूस घरी येतो.

म्हणून दोघांनी सगळं वेगळं केलं. कपाटातली खालची फळी त्याची, वरची तिची. त्याच्या डब्यांना लाल दोरा. धुणं वेगळं, साबण वेगळा. त्याने खोलीत स्वतःची विजेची छोटी किटली आणली. दर शुक्रवारी डोरीन भाडेपुस्तकात सही करायची आणि चेहरा असा ठेवायची की जणू समोर रस्त्यावरचा कुणी उभा आहे. हे नाटक नव्हतं हो. तिचा राग खराच होता. नऊ वर्षांचा राग चार दिवसांत कुठे जातो?

पण ऑक्टोबरात एका दुपारी विल्फला अशी उबळ आली की भिंतीला धरून तो खालीच बसला. डोरीन भांडी घासत होती. तिने हात पुसले, स्टुलावर चढली, मला खाली काढलं, धुतलं, आणि दोघांपुरता चहा केला. नऊ वर्षांनी माझ्या पोटात ऊब आली. काय सांगू तुम्हाला, मातीचं भांडं असून मला भरून आलं. त्यानंतर चार वाजले की मी टेबलावर. तेवढंच काय ते एकत्र. चहा झाला की तो आपल्या खोलीत आणि ती आपल्या.

नोव्हेंबरात पत्र आलं की अमुक दिवशी घर पाहायला येणार. त्या दिवशी दोघांनी उजळणी केली. मला परत वर ठेवलं. त्याची किटली मुद्दाम दिसेल अशी मांडली. चहाचं विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरलं: ज्याचा चहा तो करतो.

आली ती मिस अ‍ॅशवर्थ नावाची तरुण मुलगी. बाहेर गारांचा मारा चालला होता. नाक लाल, हातमोजे ओले, कागदांची पिशवी छातीशी धरलेली. तिने खोली पाहिली, लाल दोरा पाहिला, भाडेपुस्तक पाहिलं. सगळं ठीक चाललं होतं. विल्फच्या अर्जातली एकेक ओळ ती वाचून घेत होती. तुमची देखभाल घरात कोण करतं, या प्रश्नापुढे त्याने लिहिलं होतं, कोणी नाही.

आणि इथे डोरीनचा हात घसरला. कुडकुडत्या पाहुण्याला मगमध्ये पुडी बुडवून देणं तिच्या हाडातच नव्हतं. त्या गावात कुठल्याच बाईच्या नसतं. ती स्टुलावर चढली आणि मला खाली काढलं. विल्फ बघत राहिला. मला ओरडायचं होतं, पण मातीला तोंड असतं ते फक्त ओतायला.

त्या दिवशी पाणी वाढवून तिने तीन कप काढले. मिस अ‍ॅशवर्थला विचारलं, दूध किती, साखर किती. विल्फला विचारलं नाही. त्याच्या कपात दोन चमचे साखर घातली, ढवळली, कप त्याच्यापुढे ठेवला आणि कान डावीकडे फिरवला. त्यानेही न बघता डावा हात पुढे केला.

मिस अ‍ॅशवर्थची पेन्सिल थांबली.

"मिस्टर रॅम्सडेन, तुमचा चहा रोज कोण करतं?"

"माझा मीच करतो," विल्फ म्हणाला. कप त्याच्या ओठाशी होता.

डोरीनचा चेहरा पांढराफटक पडला. ती मुलगी वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. तिने चहा संपवला, चांगला झाला होता म्हणाली, आभार मानले, आणि दारात क्षणभर घुटमळली. मग पिशवीतल्या कागदावर काहीतरी लिहून गारांत निघून गेली.

पंधरा दिवसांनी नकार आला. हा व्यवहार मालक-भाडेकरूचा वाटत नाही, असं लिहिलं होतं. विल्फ फुकट राहिला असता, तर दोघं नवरा-बायकोच धरली गेली असती आणि डोरीनला मिळणारी थोडीफार मदतही तुटली असती. ते विल्फनेच तिला समजावलं.

"एका कपापायी," डोरीन म्हणाली. "मीच घालवलं रे तुला."

"अगं, चहा चांगला होता," विल्फ म्हणाला आणि खोकं भरायला लागला.

त्याने स्टेशनमागे एक खोली घेतली. मालक परगावी राहणारा, विल्फचं तोंडही न पाहिलेला. अर्जावर तोच प्रश्न होता: तुमची देखभाल घरात कोण करतं? त्याने तेच उत्तर लिहिलं, कोणी नाही. पहिल्या घरात ते खोटं होतं. या घरात खरं होतं, आणि मदत आठ दिवसांत सुरू झाली. पाहायला कुणी आलं नाही.

फेब्रुवारीत तो गेला. चार दिवस कुणाला पत्ता नव्हता. खालच्या बिऱ्हाडातल्या माणसाला खोकला ऐकू येईनासा झाला, तेव्हा दार उघडलं. खोकं डोरीनकडे आलं, कारण दुसरा पत्ताच सापडला नाही. त्यात दोन शर्ट, भाडेपुस्तक आणि ती विजेची किटली होती. डोरीनने शर्टांची बटणं तोडून घरातल्या सुट्या बटणांसोबत माझ्यात टाकली आणि मला वर ठेवलं. किटली माझ्या शेजारी ठेवली.

आमच्या जातीच्या वस्तू अशा वेळी म्हणतात, आम्हाला जपा, धूळ पुसा, फोडू नका. मला तसलं काही मागायचं नाही. पुढे तुमच्यातलं कुणी मोठं होऊन कागद घेऊन कुणाच्या घरी जाईल. तिथे कुणी कुणाच्या हाताजवळ कपाचा कान फिरवून ठेवताना दिसलं, तर मित्रांनो, तेवढं लिहू नका.

डोरीन आता एकटीच मगमध्ये पुडी बुडवते. तो मग टेबलावर ठेवताना त्याचा कान अजून डावीकडे फिरवते. हात पुढे केल्यावर तिच्या लक्षात येतं, आणि ती तो फिरवून उजवीकडे घेते.